इंदूर ते शिकागो : मधलं विमान चुकू नये म्हणून

काका, तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडतो. तुम्ही ६९ वर्षांचे, काकू ६४ वर्षांच्या, राहायला लोकमान्य नगरात. जानेवारीत लेकीकडे इंडियानापोलिसला निघायचंय आणि परदेश प्रवास पहिलाच. जावईबापूंनी दिल्ली–फ्रँकफुर्ट–शिकागो–इंडियानापोलिस असं तिकीट शोधून ठेवलंय. त्यात फ्रँकफुर्टला १ तास ३५ मिनिटं मिळतात आणि शिकागोला १ तास ५० मिनिटं. इंदूर–दिल्लीचं तिकीट वेगळं, दुसऱ्या कंपनीचं, कारण ते माणशी चार हजारांनी स्वस्त पडतंय. ते विमान रात्री सव्वादहाला दिल्लीला उतरतं आणि फ्रँकफुर्टचं विमान पहाटे २ वाजून ५० मिनिटांनी सुटतं. तुमचा सवाल असा, की फ्रँकफुर्ट एवढं अवाढव्य विमानतळ, भाषा परकी, दीड तासात आम्हा दोघांना जमेल का?

सरळ सांगतो, हे तिकीट घेऊ नका. फ्रँकफुर्टला दीड तास तुम्हाला अपुरा पडेल हे खरं, पण मला जास्त धास्ती दिल्लीची वाटते. ज्या टप्प्याबद्दल तुम्ही काही विचारलेलंच नाही, तोच या प्रवासातला सर्वांत कच्चा टप्पा आहे.

मी इंदुरात सव्वीस वर्षं तिकिटांचंच काम करतोय. सुरुवातीला कागदी तिकिटं असायची, लाल कार्बनची पुस्तिका. इंदूर–मुंबई एक कुपन, मुंबई–लंडन दुसरं, लंडन–न्यूयॉर्क तिसरं, सगळी एकाच पुस्तिकेत टाचलेली. प्रवाशाला ती हातात घेतली की कळायचं, की हा सगळा मिळून एकच व्यवहार आहे. पहिल्या विमानाला उशीर झाला आणि पुढचं सुटलं, तर पुढे कसं पाठवायचं ते कंपनीने बघायचं. १ जून २००८ पासून जगभर ई-तिकीट आलं आणि ती पुस्तिका गेली. नियम मात्र तोच राहिला. फक्त आता तो डोळ्यांना दिसत नाही, आणि माणसं फसतात ती इथेच.

म्हणून आधी हे तपासायला शिका. ई-तिकिटावर १३ आकडी तिकीट नंबर असतो. पहिले तीन आकडे कंपनीचे, पुढचे दहा तिकिटाचे. इंदूरपासून शेवटच्या गावापर्यंतची सगळी विमानं त्या एकाच नंबराखाली असली पाहिजेत. एका नंबरात जास्तीत जास्त चार विमानं बसतात, म्हणून जाण्यायेण्याच्या लांब तिकिटाला लागोपाठचे दोन नंबर मिळतात. ते चालतं. पण आकडे अगदीच वेगळे असतील तर ती दोन तिकिटं झाली. हे मुद्दाम सांगतो, कारण काही वेबसाइट दोन वेगळी तिकिटं एकाच बुकिंग नंबराखाली बांधून देतात. पानावर एकच प्रवास दिसतो, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मधल्या विमानतळावर सामान तुम्हीच घ्यायचं आणि पुन्हा चेक-इन करायचं. ‘सेल्फ ट्रान्सफर’ हा शब्द कुठेही दिसला तर ते पान बंद करा.

आता तुमच्या तिकिटात दिल्लीला काय होईल ते बघा. विमान सव्वादहाला टेकलं असं धरू. बॅगा पट्ट्यावर येईपर्यंत पावणेअकरा-अकरा. दिल्लीची आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल ३ वरून सुटतात, आणि देशातली विमानं कंपनीप्रमाणे वेगवेगळ्या टर्मिनलना लागतात. तुमचं टर्मिनल १ ला लागलं तर बॅगा घेऊन बाहेर पडायचं आणि बसने किंवा टॅक्सीने काही किलोमीटर जाऊन टर्मिनल ३ गाठायचं. तिथे दारात ओळखपत्र, मग चेक-इनची रांग, इमिग्रेशन, सिक्युरिटी. आंतरराष्ट्रीय चेक-इन साधारण एक तास आधी बंद होतं, म्हणजे तुमची खरी मुदत २:५० ची नाही, १:५० ची आहे. तरी जवळपास तीन तास उरतात, म्हणून कागदावर हे जमण्यासारखं दिसतं. ऑक्टोबरात जमेलही.

पण तुम्ही जाताय जानेवारीत. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर दिल्लीचं धुकं म्हणजे काय ते मी दर हिवाळ्यात बघतो. धुक्यात उतरायची यंत्रणा दिल्लीला आहे. कॅट-३बी म्हणतात तिला, धावपट्टीवर ५० मीटरच दिसत असलं तरी विमान उतरू शकतं. पण त्यासाठी विमान त्या तयारीचं हवं आणि वैमानिकाचंही त्याचं प्रशिक्षण झालेलं हवं, आणि विमानं अंतर राखून उतरवावी लागत असल्याने संख्या घटतेच. तुम्ही म्हणाल, धुकं पहाटेचं आणि आमचं विमान रात्रीचं. खरंय. पण एकच विमान दिवसभर चार-पाच गावं फिरत असतं. सकाळी दिल्लीत तीन तास अडकलेलं विमान रात्री इंदूरला वेळेवर कसं येईल?

बारा-तेरा वर्षांपूर्वी रामबागेतलं एक जोडपं असंच मुलाकडे निघालं होतं. इंदूर–दिल्ली वेगळं तिकीट, माणशी साडेतीन हजार वाचत होते. ती दोन तिकिटं मीच काढून दिली होती. विमान इंदुरातून दोन तास उशिरा निघालं, दिल्लीवर घिरट्या घालून शेवटी जयपूरला उतरलं. पहाटे चारला काकूंचा फोन आला. आवाज इतका बारीक, की मला आधी ओळखूच आला नाही. “आमचं अमेरिकेचं विमान गेलं का रे?” एवढंच त्या विचारत होत्या. पुढच्या कंपनीच्या दृष्टीने ते दोघे ‘नो-शो’ होते, म्हणजे वेळेवर न आलेले प्रवासी. आणि नो-शो झालं की नुसतं ते विमान जात नाही, त्या तिकिटातली पुढची सगळी विमानं रद्द होतात, परतीचीसुद्धा. दोघांचं नवं तिकीट काढायला लागलेली रक्कम वाचवलेल्या सात हजारांच्या कितीतरी पट होती. त्या दिवसानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासाचं इंदूर–दिल्ली किंवा इंदूर–मुंबई तिकीट मी वेगळं काढलेलं नाही. कुणी हट्टच धरला तर आदल्या दिवशी जाऊन राहा म्हणतो.

नो-शोचा नियम उलट बाजूनेही लागतो आणि आपल्याकडची माणसं त्यात हमखास सापडतात. तिकीट इंदूरपासून एकत्र घेतलं, आणि मग आयत्या वेळी वाटलं की दिल्लीला भाचीकडे दोन दिवस आधी रेल्वेनेच जाऊ, तिथून विमानात बसू. असं करू नका. पहिलं विमान तुम्ही स्वतःहून सोडलंत तरी पुढचं तिकीट रद्दच होतं. बेत बदलला तर कंपनीला किंवा एजंटला आधी सांगून तिकीट बदलून घ्यावं लागतं.

मग करायचं काय? माझ्या पसंतीने सांगतो.

पहिली पसंती, इंदूरपासून शिकागोपर्यंत एकच तिकीट. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे. लुफ्तान्सा आणि युनायटेड त्याच गटात, त्यामुळे इंदूर–दिल्ली–फ्रँकफुर्ट–शिकागो एका तिकिटात बसवता येतं. चार हजार जास्त पडतील. ते भाड्याचे नाहीत, जबाबदारीचे आहेत असं समजा. बॅगा इंदूरच्या काउंटरवर दिल्या की थेट शिकागोला. आणि इंदूर–दिल्लीचं शेवटचं विमान घेऊ नका. दुपारचं घ्या. ते रद्द झालं तर मागे संध्याकाळचं एक तरी शिल्लक राहतं. दिल्लीला सहा-सात तास बसावं लागेल, बसा. सोबत दशम्या न्या.

दुसरी पसंती मुंबईमार्गे. जानेवारीत मुंबईला धुक्याचा असा त्रास नाही. अवंतिका एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई सेंट्रलला उतरायचं, दादर-ठाण्याला कुणी नातेवाईक असतील तर एक रात्र राहायचं आणि ताज्या अंगाने विमानात बसायचं. त्यात तिकीट मुंबईपासूनच घ्यायचं, इंदूरचा टप्पा त्यात नको. मात्र हाच प्रवास जुलैत असता तर मी उलट सांगितलं असतं. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि जोराच्या पावसात सगळं वेळापत्रक घसरतं.

दिल्लीहून शिकागोला मध्ये न उतरता जाणारं विमानही एक मार्ग आहे. पण एका जागी खूप तास बसायचं असतं, आणि काकूंच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंय म्हणून मला मध्ये एकदा उतरणं बरं वाटतं. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून त्यांची पश्चिमेकडची उड्डाणं वळसा घालून जाऊ लागली. शेजारच्यांनी चार वर्षांपूर्वीचे तास सांगितले तर त्यावर विसंबू नका.

आता फ्रँकफुर्ट. कंपन्यांच्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक विमानतळाचा एक किमान वेळ भरलेला असतो, मिनिमम कनेक्टिंग टाइम. फ्रँकफुर्टचा आहे ४५ मिनिटं. त्याच्या वरचं कुठलंही कनेक्शन कॉम्प्युटर बिनदिक्कत विकतो, म्हणून तुमचे ९५ मिनिट त्याच्या लेखी ऐसपैस आहेत. पण तो हिशोब धडधाकट, वाट माहीत असलेल्या माणसाचा. तुमचा हिशोब मी वेगळा करतो. विमान टेकल्यापासून दार उघडेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं. मागच्या रांगेतून बाहेर पडायला वीस. व्हीलचेअर मागितली असेल तर सगळे उतरल्यावर तुमचा नंबर, म्हणजे अर्धा तास. विमान गेटला न लागता मैदानात उभं राहिलं, जे फ्रँकफुर्टला बरेचदा होतं, तर बसचे दहा मिनिट आणखी. भारतातून आलेल्यांची सिक्युरिटी तिथे पुन्हा होते, तिला वीस-पंचवीस. टर्मिनल १ मध्येच बी गेटवरून झेड गेटला जायचं तर चालायला पंधरा-वीस. आणि अमेरिकेच्या विमानाला गेटवर पासपोर्ट-व्हिसाची वेगळी तपासणी असते, म्हणून ते लवकर बोर्डिंग सुरू करतात आणि सुटायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी दार बंद करतात. बेरीज करून बघा. एक रांग लांबली की संपलं.

तुमच्यासाठी फ्रँकफुर्टला तीन तास हवेत. चार असले तरी चांगलेच. आणि पोहोचायची वेळ सकाळची हवी. दिल्लीची रात्रीची विमानं तिथे सकाळीच पोहोचतात, त्यामुळे एक विमान चुकलं तरी दुपारपर्यंत अमेरिकेची आणखी विमानं असतात. संध्याकाळी पोहोचून रात्री सुटणारं कनेक्शन चुकलं तर मात्र पंचाईत. फ्रँकफुर्टला रात्री ११ ते पहाटे ५ नियमित उड्डाणं बंद असतात, आणि शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) नसल्याने तुम्हाला बाहेर पडून हॉटेलातही जाता येत नाही. रात्र ट्रान्झिटमध्येच काढावी लागते.

व्हिसाचं एकदा नीट समजून घ्या. तुमच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा आहे, त्यामुळे फ्रँकफुर्टला विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. पण ही सवलत एकाच शेंगेन विमानतळापुरती आहे. जावईबापूंना कधी दिल्ली–फ्रँकफुर्ट–ॲम्स्टरडॅम–शिकागो असं स्वस्त तिकीट दिसलं तर त्याला हात लावू देऊ नका. फ्रँकफुर्ट ते ॲम्स्टरडॅम हा शेंगेनच्या आतला प्रवास. त्यासाठी फ्रँकफुर्टला इमिग्रेशन करून युरोपात शिरावं लागतं, आणि त्याला पुरा शेंगेन व्हिसा लागतो. अशा प्रवाशाला दिल्लीलाच चढू देत नाहीत.

म्हणजे फ्रँकफुर्टला तुम्हाला जर्मनीत शिरायचंच नाहीये. हे एकदा मनात पक्कं बसलं की अर्धी भीती जाते. विमानातून उतरल्यावर ‘बॅगेज क्लेम’ आणि ‘एक्झिट’च्या पाट्यांमागे जायचं नाही, सगळे तिकडे जात असले तरीही. ते तिथे राहणारे. तुम्ही पहिल्या मोठ्या स्क्रीनपाशी थांबा, आपला फ्लाइट नंबर शोधा आणि गेटचं अक्षर बघा. नुसतं ‘शिकागो’ शोधू नका, शिकागोची दोन-तीन विमानं असू शकतात. शिवाय एकाच विमानाला दोन कंपन्यांचे नंबर असतात, तेव्हा तिकिटावरचे दोन्ही लिहून ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात बोटांचे ठसे घ्यायची नवी पद्धत सुरू झाली आहे. त्याबद्दल कुणी घाबरवलं तर लक्षात ठेवा, ती आत शिरणाऱ्यांसाठी आहे, आतल्या आत विमान बदलणाऱ्यांसाठी नाही.

व्हीलचेअरबद्दल काकू संकोचतायत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना माझा निरोप द्या, की हा संकोच सोडाच. दोघांसाठी मागा. हे पांगळेपणाचं प्रमाणपत्र नाही. तो माणूस तुम्हाला योग्य लिफ्टने, योग्य रांगेतून थेट गेटवर नेऊन बसवतो, आणि भाषेचा प्रश्नही त्याच्यावर सोपवता येतो. युरोपात ही सोय कायद्याने मोफत आहे, फक्त ४८ तास आधी कळवायचं. यात एक बारकावा आहे. तिकिटात तीन प्रकारचे कोड असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही नकोत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. बहुतेक एजंट न विचारता पहिला टाकतात. काकूंचे गुडघे बघता त्यांच्यासाठी दुसरा टाकायला सांगा, कारण विमान मैदानात उभं राहिलं तर थंडीत ओल्या लोखंडी शिडीवरून उतरायची वेळ यायला नको. दुसरा कोड असला की लिफ्टची गाडी येते. तिकिटाच्या प्रिंटवर प्रत्येक टप्प्यासमोर तो कोड आहे का ते बोट ठेवून बघा. दिल्लीपर्यंत आहे आणि फ्रँकफुर्टपासून नाही, असं मी अनेकदा पकडलंय. आणि फ्रँकफुर्टला उतरल्यावर दारापाशीच थांबा. थोडं चालून बघू म्हणून पुढे गेलात की तो माणूस तुम्हाला शोधत राहतो.

शिकागोहून इंडियानापोलिसचं विमान मी तिकिटातून काढूनच टाकीन. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन करायचं, बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टममधून जायचं आणि पुढच्या विमानासाठी बॅगा पुन्हा द्यायच्या. टॅगवर पुढचं गाव लिहिलेलं असलं तरीही. रात्रभर जागून आलेल्या माणसांनी हे पावणेदोन तासांत करायचं, त्यात इमिग्रेशनची रांग किती लांब असेल ते आपल्या हातात नाही. शिकागो ते इंडियानापोलिस गाडीने सुमारे तीन तास. जावईबापू न्यायला आले तर घाई कुणालाच नाही. मात्र त्यासाठी तिकीटच शिकागोपर्यंतचं घ्या. इंडियानापोलिसपर्यंतचं घेऊन शिकागोला उतरून गेलात तर वरचाच नो-शोचा नियम लागून परतीचं तिकीट उडेल. जानेवारीत तिकडे बर्फ असतो, तेव्हा रस्त्याचा अंदाज बघून एक रात्र शिकागोला राहायची तयारी त्यांनी ठेवावी.

गाडीने येणं त्यांना शक्यच नसेल तर अबू धाबीमार्गे बघा. तिथल्या विमानतळावरच जानेवारी २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम होतं. ते उरकून विमानात बसलात की शिकागोला देशातल्या प्रवाशासारखं उतरायचं, आणि बॅगाही मध्ये उचलाव्या लागत नाहीत. फक्त अबू धाबीला तीन तासांहून कमी वेळ ठेवू नका, कारण ती रांग तिथे लागते.

सामानाबद्दल दोन गोष्टी जिवाभावाने सांगतो, कारण यातून प्रवास अडलेले मी पाहिलेत. एक म्हणजे सुकं खोबरं. लेकीला वाटी-वाटी खोबरं न्यायची आपल्या घरांत रीत आहे, पण सुकं खोबरं हा पेट घेणारा पदार्थ मानतात आणि ते केबिनमध्येही चालत नाही, चेक-इन बॅगेतही चालत नाही. एक्स-रेत दिसलं की बॅग बाजूला काढतात आणि उघडायला तुम्हाला बोलावतात, आणि तुम्ही तोवर वर गेटवर बसलेले. बॅग मागे राहते ती अशी. खोबरं तिकडच्या भारतीय दुकानात मिळतं. शेव, चिवडा, मसाले खुशाल न्या, पण अमेरिकेत खाण्याचे पदार्थ आहेत का असं विचारलं तर ‘हो’ म्हणा. ताजा कढीपत्ता नेऊ नका, त्याला तिथे बंदी आहे. लोणचं आणि तूप चेक-इन बॅगेत. फ्रँकफुर्टला पुन्हा सिक्युरिटी असल्याने दिल्लीत घेतलेली पाण्याची बाटली तिथे सोडावी लागेल. औषधं, चष्मा, एक जोडी कपडे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत. पॉवर बँकही तिथेच, ती चेक-इन बॅगेत चालत नाही.

दुसरी गोष्ट बॅगेचा टॅग. इंदूरच्या काउंटरवर मुलगी बॅगेला लांब पांढरी पट्टी लावते तेव्हा मोबाइल खिशात ठेवा आणि ती पट्टी वाचा. तीन-तीन अक्षरांचे कोड एकाखाली एक असतात. दिल्लीचा डीईएल, फ्रँकफुर्टचा एफआरए, शिकागोचा ओआरडी. शेवटच्या गावाचा ओआरडी सगळ्यांत मोठ्या अक्षरांत असला पाहिजे. मोठ्या अक्षरांत डीईएल दिसलं तर बॅग दिल्लीलाच उतरणार, आणि तुम्ही शिकागोच्या पट्ट्यापाशी वाट बघत बसणार. तिथल्या तिथे, शांतपणे, “बेटा, ये शिकागो तक टैग कर दो” म्हणा. ती पट्टी बदलायला एक मिनिट लागतं, बॅग आत गेल्यावर एक दिवसही पुरत नाही. कधी इंदूरला तिन्ही बोर्डिंग पास निघत नाहीत, शेवटचा फ्रँकफुर्टच्या ट्रान्सफर काउंटरवर मिळतो. त्याची काळजी करू नका. टॅग मात्र इथेच नीट हवा.

एवढं करूनही विमान चुकलं तर? एकच तिकीट असेल तर घाबरायचं कारण नाही. पुढच्या विमानात जागा देणं हे त्यांचं काम आहे, आणि बरेचदा तुम्ही उतरायच्या आधीच कॉम्प्युटरने ती दिलेली असते. व्हीलचेअरच्या माणसाला ट्रान्सफर काउंटरवर न्यायला सांगा आणि रांगेत उभं असतानाच लेकीला फोन करून तिला कंपनीच्या नंबरवर बोलायला लावा. जो आधी पोहोचेल त्याला जागा. खाण्याचे कूपन मागा. दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवायची तयारी आहे का तेही विचारा, आपणहून ते नेहमी सांगत नाहीत. बॅग पोहोचली नाही तर विमानतळ सोडण्याआधी तक्रारीचा फॉर्म भरून त्याचा नंबर घ्या. उशिरा मिळालेल्या बॅगेबद्दल भरपाई मागायची तर ती हातात आल्यापासून २१ दिवसांत लेखी द्यावं लागतं, मोडतोडीबद्दल ७ दिवसांत. हे मॉन्ट्रियल कराराचे, म्हणजे विमान प्रवासाच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, नियम आहेत आणि भारत २००९ पासून त्यात आहे.

परतीचं थोडक्यात. येताना मेहनत दिल्लीला आहे. शिकागोला बॅगेवर इंदूरचा आयडीआर टॅग लागला तरी भारतात पहिल्यांदा जिथे उतरता तिथे साधारणपणे बॅगा उचलून, कस्टममधून जाऊन पुन्हा द्याव्या लागतात. तिथे चार तास ठेवा. फ्रँकफुर्टहून दिल्लीची विमानं दिवसाला मोजकीच, म्हणून तिथेही तीन तासांहून कमी नको. तुम्ही जूनमध्ये परतणार. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपचं घड्याळ एक तास पुढे जातं आणि जगभरच्या कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक लागू होतं. आज घेतलेल्या तिकिटावरच्या जूनच्या वेळा तोवर बदललेल्या असू शकतात. एप्रिलमध्ये एकदा तिकीट उघडून मधले तास पुन्हा मोजा. कमी झाले असतील तर कंपनीला फोन करा. वेळ त्यांनी बदलली असेल तर दुसरं विमान सहसा पैसे न घेता देतात.

माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक वयस्क जोडप्याला मी एक कागद करून देतो, तुम्हीही करा. एका बाजूला मराठीत मोठ्या अक्षरांत प्रत्येक टप्पा: किती वाजता उतरायचं, तिथली वेळ काय (जानेवारीत फ्रँकफुर्ट आपल्या साडेचार तास मागे), पुढचा फ्लाइट नंबर, किती वाजता गेटवर बसलेलं असायचं. दुसऱ्या बाजूला तेच इंग्रजीत, खाली लेकीचा फोन नंबर आणि काकूंच्या औषधांची नावं. दोन प्रती काढा, एक तुमच्या पासपोर्टमध्ये आणि एक काकूंच्या, कारण गर्दीत दोन व्हीलचेअर वेगवेगळ्या लिफ्टने जाऊ शकतात. बॅगेच्या टॅगची छोटी पावतीही त्यातच ठेवा आणि लेकीच्या घरी बॅगा उघडून होईपर्यंत फेकू नका.